फुटपाथवरचा वैशाख

वैशाख लागला की लोकांना आंबे आठवतात. मला नंबरप्लेटी आठवतात. काल साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ड्यूटीला उभी होते, तर समोरून एक लांबलचक पांढरी गाडी गेली. पुढं पंजाबचं पीबी लिहिलेलं, टपावर बांधलेल्या बॅगा आणि मागच्या काचेला गाल चिकटवून झोपलेलं एक पोर. गाडी विट्याकडं निघालीय हे मला कुणी सांगायला नको होतं. सुट्ट्या लागल्या, परमुलखात सोनं गाळणारे आमचे गलाईवाले घरी निघाले. मी हात वर करून तशीच उभी राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न मारला, तेव्हा कुठं हात खाली आला.

आमच्या विट्याचं आणि आसपासच्या गावांचं हे असंच आहे. निम्मे पुरुष गावात नसतातच. कुणी कोइमतूरला, कुणी कलकत्त्याला, कुणी अमृतसरला. सोनारपेठेतल्या एखाद्या अरुंद खोलीत भट्टी लावून दुसऱ्यांचं सोनं गाळत बसलेले. वर्षभर गाव बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं. वैशाखात मात्र गाव भरून येतं. गच्चीगच्चीवर कुरडया, गल्लीगल्लीत मांडव, यात्रेच्या मटणाचा मसाला परतल्याचा खमंग ठसका, आणि अंगणात खेळणारी पोरं आजीकडं तमिळमध्ये पाणी मागतायत, आजीला ते कळतंयही. आणि रस्त्यावर अख्ख्या हिंदुस्थानाच्या गाड्या. लहानपणी आम्ही पोरी कठड्यावर बसून त्या मोजायचो. केरळची दिसली की एक टाळी, बंगालची दिसली की दोन. त्या गाड्यांचा मला पुढं कधी त्रास होईल असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझा दादाही त्यातलाच. सतराव्या वर्षी कोइमतूरला गेला तो गेलाच. ॲसिडच्या धुरानं त्याचा आवाज कायमचा बसलाय. फोनवर बोलला तरी वाटतं माणूस नुकताच झोपेतून उठलाय. आणि मी पोलिसात, त्यातही वाहतुकीला. आई म्हणायची, एकानं घर सोडलं आणि एकीनं रस्ता धरला.

ज्या वर्षाबद्दल मी बोलतेय त्या वर्षी माझी नेमणूक गावातच होती. माहेर असलेल्या गावात खाकी घालून फिरणं म्हणजे काय ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. जिला काकू म्हणत लहानाची मोठी झाले तिच्या हातगाडीला 'मागं घ्या' म्हणायचं. ज्यांनी शाळेत पाढे शिकवले त्या गुरुजींच्या स्कूटरचा फोटो काढायचा. मी ते केलं, सोडलं नाही कुणाला. आमच्या बाजाराच्या रस्त्याला नवा फुटपाथ झाला होता, लाल-करड्या ब्लॉकचा, चांगला पाच फुटी. आणि वरून आदेश होता की त्यावर एकही गाडी दिसता कामा नये. माघ-फाल्गुनात मी त्या रस्त्यावर इतकी फिरले की बुटाचे तळ झिजले. चाकांना जॅमर ठोकते म्हणून लोक मला मागून 'जॅमरबाई' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. फुटपाथ कसा धुतल्यासारखा मोकळा झाला होता.

आणि त्या मोकळ्या फुटपाथवर एक दिवस चाची चालताना दिसली.

चाची म्हणजे बांगड्यांच्या दुकानातली चाची. खरं नाव रहमतबी, पण ते तिच्या रेशनकार्डाखेरीज कुणी वापरत नव्हतं. आमच्या माहेरच्या मागच्या बोळात तिचं घर, आणि चौकात टपरीएवढं दुकान. गावातल्या तीन पिढ्यांच्या बायकांच्या हातात तिनं चुडा भरला. माझ्याही. हळदीच्या आदल्या दिवशी ती टोपलं घेऊन घरी आली होती. मी हात आवळून धरला होता तर म्हणाली, चोर धरल्यागत काय आवळतीस, ढिला सोड, नाहीतर बांगडी वाढंल. बांगडी 'फुटली' असं ती कधी म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायची. अंगठ्याखालचं मांस दोन बोटांनी असं दाबायची की सव्वादोनची बांगडी अडीचच्या हातात जायची आणि आपल्याला कळायचंही नाही. चुडा भरून झाला की नवरीनं बांगडीवालीच्या पाया पडायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. मी पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून कायतरी पुटपुटलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, आता पोलिसाचं हात बेडीत गेलं.

तिला लकवा झाला त्याला तेव्हा तीन-एक महिने झाले होते. डावी बाजू गेली होती. मिरजेला नेलं, वाचली, हळूहळू हात हलायला लागला, पाय उचलायला लागली. तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, रोज चालायचं, सपाट जागेवर, एक दिवस चुकवायचा नाही. जे काय परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच येतं, नंतर शरीर हट्ट धरून बसतं. पण चालणार कुठं? घर दोन खोल्यांचं, मधे उंबरा. बोळात फरश्या वरखाली आणि कडेनं उघडं गटार. राहिला तो आमचा नवा फुटपाथ. सून शबाना तिला धरून बोळाच्या तोंडापर्यंत आणायची, फुटपाथवर वॉकर टेकवून द्यायची आणि पुढं चाची एकटी. वॉकर पुढं, मग उजवा पाय, मग डावा ओढत. पहिल्या आठवड्यात विजेच्या खांबापर्यंत. मग औषधाच्या दुकानापर्यंत. मी येताजाता बघायचे. पाडव्याच्या सुमाराला ती रसवंतीपर्यंत पोचली होती.

त्या दिवशी तिनं मला हातानं खुणावून बोलावलं. घामानं पदर भिजलेला, पण चेहरा हसरा. म्हणाली, तुझ्यामुळं ह्यो रस्ता मिळाला गं मला. श्रावणात बघ, नागपंचमीला मी दुकानात बसून बांगड्या भरणार. नागपंचमी म्हणजे तिची दिवाळी. माहेरवाशिणी येतात, सगळ्यांना नव्या बांगड्या लागतात, दुकानासमोर उभं राहायला जागा नसते. रसवंतीपासून दुकान उरलं होतं शंभर-दीडशे पावलं. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. बंदोबस्त, साहेबांची बोलणी, लोकांच्या शिव्या, सगळ्याचं चीज झालं असं वाटलं. त्या बरं वाटण्याची आता लाज वाटते.

मग सुट्ट्या लागल्या आणि दादा आला.

नवी गाडी घेऊन आला होता. कोइमतूरपासून दोन दिवस स्वतः चालवत. वहिनीनं गाडीला दारातच ओवाळलं, आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि दादानं ती सरळ फुटपाथवर चढवली, चारही चाकं वर, घराच्या पायरीला टेकवून. मी ड्यूटीवरून आले तेव्हा तो गच्चीतून वाकून तिच्याकडं बघत होता. मी खालून म्हटलं, दादा, फुटपाथ आहे हा. तो हसला. म्हणाला, मग कुठं लावू, डोक्यावर? शाळेचं मैदान घरापासून तीनशे पावलांवर, सुट्टीत रिकामं, फाटक उघडं. मी ते सांगितलं. पण कसं सांगितलं, तर ताटावर बसल्यावर, हसत हसत, आमरसाची वाटी पुढं ओढत. तो म्हणाला, चार दिसांचा पाहुणा मी. बाराही महिने दुसऱ्याच्या गावात भाड्यानं ऱ्हातो गं, आपली गाडी आपल्या दारात उभी असल्याली बघायला तर येतो. मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

भाऊ वर्षातून एकदा येतो. त्याच्या गाडीचं चलन करायचं कसं, असा विचार मी केला. आणि त्याची सोडली तर शेजारच्या कलकत्तावाल्यांची कुठल्या तोंडानं धरू? बाईंच्या भावाची उभी आहे म्हटल्यावर त्यांनीही चढवली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. अक्षय्यतृतीयेपर्यंत त्या फुटपाथवर पाच राज्यं ओळीनं उभी होती. गावाचंही मत हेच. ही माणसं यात्रेला वर्गणी देतात, देवळाला कळस देतात, शाळेला खोल्या बांधून देतात. महिनाभर गाडी लावली तर काय बिघडलं? मला कुणी फोन केला नाही, साहेब काही म्हणाले नाहीत, दबाव बिबाव काही नाही. दबाव असता तर आज निदान कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला मिळालं असतं. मीच ठरवलं. सीझन आहे, जाऊ दे. जॅमर डिक्कीत पडून राहिला आणि मी महिनाभर पलीकडच्या चौकात ड्यूटी लावून घेतली. आपल्याच गल्लीतून जाताना मान खाली घालून जायची सवय मला त्या महिन्यात लागली.

चाचीनं मला तीनदा सांगितलं. हा तीनचा आकडा मी कधी चुकत नाही.

पहिल्यांदा, ती वॉकर घेऊन दादाच्या गाडीच्या मागं उभी होती. एका बाजूला घराची भिंत, एका बाजूला रस्ता, मधे डिक्की. मी नेमकी तिथून चालले होते. ती म्हणाली, पोरी, एवढी जरा मागं घ्यायला सांग की. मी सांगते म्हटलं. सांगितलं ते तसं, ताटावर हसत हसत, आमरसाच्या वाटीबरोबर.

दुसऱ्यांदा तिच्या वतीनं शबाना आली. अम्मी रस्त्यावर उतरून चालायला गेली, म्हणाली, तर मागून एसटीनं हॉर्न दिला आणि ती जागच्या जागी खाली बसली. लागलं नाही, खरचटलंही नाही. पण भीती बसली. आता घरातच बसून आहे, म्हणते गाड्या गेल्या की जाईन. शबानानं 'तुमच्या भावाची' असं म्हटलं नाही. 'तेवढ्या गाड्या' म्हणाली. मी तिला चहा घेऊन जा म्हटलं, ती थांबली नाही.

तिसऱ्यांदा तर मीच गेले होते, वहिनीला घेऊन, बांगड्या भरायला. चाची खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. शबाना बांगड्या सरकवत होती आणि चाची उजव्या हातानं वहिनीचा हात दाबून देत होती. तोंडानं गप्पा चालल्या होत्या. वहिनी उठून आरशाकडं गेली, तेव्हा चाची माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "दिस जात्यात गं. पाय जड पडाय लागलाय." मी म्हटलं, जूनला शाळा सुरू झाल्या की जातील सगळे, चाची, महिनाच तर आहे. ती म्हणाली, व्हय, महिनाच हाय. आणि वहिनीला रंग शोभतो का ते विचारायला लागली.

महिना. माझ्या लेखी तो सुट्टीचा होता. सकाळी उठून दादाबरोबर चहा, दुपारी भाच्यांना विहिरीवर पोहायला, संध्याकाळी गच्चीवर पत्ते. मी त्या महिन्यात फार खूश होते, हे सांगितल्याशिवाय हे सगळं खोटं होईल. आईच्या हयातीतला आमचा शेवटचा एकत्र वैशाख तो. त्याची आठवण मला गोड हवी असते. पण गच्चीवरून खाली वाकलं की गाडीचं टप दिसतं आणि टपाच्या पलीकडं बोळाचं तोंड. आठवणीतसुद्धा ते टप कुणी हलवत नाही.

मृगाच्या तोंडाला गाड्या गेल्या. एकेक करत, डबे-लोणची भरून, रडारड करून. फुटपाथवर तेलाचे डाग आणि केळीच्या साली राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिथं जाऊन उभी राहिले, ड्यूटी नसताना. शबाना चाचीला घेऊन आली. वॉकर फुटपाथवर टेकला. चाचीनं उजवा पाय टाकला, आणि डावा आलाच नाही. गुडघा वळत नव्हता, पाऊल आत मुरडलेलं. ती वॉकरला धरून तशीच उभी राहिली, खांबाकडं बघत. पहिल्या आठवड्यात गाठलेल्या त्याच खांबाकडं. मग म्हणाली, आज नगं, ऊन हाय. ऊन नव्हतं, आभाळ भरलेलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन भेटले. आधी जायला पाहिजे होतं, नंतर गेले. त्या म्हणाल्या, वय बघता कदाचित तसंही एवढंच झालं असतं. त्या 'कदाचित'वर मी कितीतरी रात्री झोप काढली. मग एक दिवस लक्षात आलं की 'कदाचित' दोन्हीकडं लागू पडतं. नागपंचमीला दुकानात शबाना बसली होती. मी बांगड्या भरल्या नाहीत त्या वर्षी. नंतर चाकाची खुर्ची आली. मग माझी बदली झाली, आणि मी सुटले असं मला वाटलं.

साताऱ्यात आता मी कुणाला सोडत नाही. परवा सांगलीकडचे एक गृहस्थ लग्नाची पत्रिका दाखवत होते, पाहुणे आहोत मॅडम, दोनच मिनिटं. मी म्हटलं, साहेब, फुटपाथ कुणाचा सासरा नाही पाहुणचार करायला. लोक हसले, त्यांचं तोंड उतरलं, चलन झालं. माझ्याबरोबरच्या पोरी म्हणतात, मॅडम, तुमच्या अंगात येतं फुटपाथ दिसला की. येतं खरं. पण ही माझी कर्तव्यदक्षता नव्हे. जिथं करायचं होतं तिथं केलं नाही, आता जिथं तिथं करत सुटलेय. देव सोडून देव्हाऱ्याला नमस्कार, दुसरं काय.

दादाचा फोन आला गेल्या आठवड्यात, निघतोय म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला काही सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं. चाचीचा पाय, एसटीचा हॉर्न, तीनदा, सगळं. तो म्हणाला, "आगं, मला ठाऊकच न्हवतं. तू नीट सांगितलं असतंस तर मी त्याच घटकेला काढली असती." आणि ते खरं आहे. त्यानं काढली असती. तीनशे पावलं चालत आला असता, कुरकुर केली असती, संध्याकाळपर्यंत विसरला असता. मला वाटत होतं की मी भावाचं मन राखलं. त्याचं मन एवढं लहान नव्हतंच. मला फक्त माझा महिना मोडायचा नव्हता.

म्हणून रविवारी सुट्टी काढून विट्याला गेले. सकाळी साडेदहाची एसटी. ठरवून गेले होते की आज सांगायचं, आडून नाही, सरळ.

चाची खुर्चीत दारात बसली होती. बारीक झालीय. मला बघून ओळखीचं हसली, बदली कुठं, साहेब कसा हाय, नवरा काय म्हनतो, सगळं विचारून झालं. शबानानं सरबत आणलं. मी ते हातात धरून बसले. चाचीनं माझं मनगट बघितलं, खाकीखाली घालते त्या दोनच बांगड्या. म्हणाली, अशी रिकामी हिंडतीस व्हय. तिनं शबानाला हिरव्यांची पेटी काढायला लावली आणि माझा हात आपल्या उजव्या हातात घेतला. तिचा अंगठा अजून तसाच आहे. तिनं दाबलं. आणि मी बोलले.

"चाची, त्या वर्षी तू मला तीनदा सांगितलं होतंस. गाड्यांचं. मी ऐकलं नाही."

शबानाचा हात थांबला. चाचीनं मान वर केली नाही. माझा हात दाबत, सैल करत, एक बांगडी आत घेतली, मग दुसरी. बोळातून एक सायकल गेली.

"न्हाई गं," ती म्हणाली. "मी कवा सांगितलं तुला? मी न्हाई कायबी बोलले."

मी शबानाकडं बघितलं. ती पेटीत बघत होती. वीस वर्षं पोलिसात काढलीत, खोटं बोलणारं माणूस मला आवाजावरून कळतं. आणि चाचीला खोटं बोलायची सवय नाही, ते तर फारच लगेच कळलं. तिसरी बांगडी सरकवून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, थेट.

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस व्हय?"

शबाना उठून आत गेली. मी हात ढिला सोडला.

"ऐकलं असतं, चाची," मी म्हणाले.